बाबूराव पेंटर : छाया-प्रकाशातून नाट्य घडवणारा कलावंत

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• बाबूराव पेंटर यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• रंगभूमीवरील चित्रित पडदा आणि चित्रपटातील प्रकाशयोजना यांतील नाते स्पष्ट करता येईल.
• प्रकाश, छाया आणि हालचाल या तीन घटकांतून नाट्यपूर्ण दृश्य कसे उभे राहते, याचे विवेचन करता येईल.

प्रास्ताविक

मराठी नाटक शब्दांवर आणि गाण्यावर वाढले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूकपट आला, तेव्हा या दोन्ही आधारांविना कथा सांगण्याची वेळ कलावंतांवर आली. पात्र रागावले आहे, घाबरले आहे की खचले आहे, हे प्रेक्षकांना पाहूनच कळायला हवे होते. अधूनमधून पडद्यावर येणाऱ्या लिखित पाट्या कथानकाचा धागा जोडून देत. पण त्या पाट्यांनी दृश्याचा भाव उमटत नसे. तो भाव उजेड कोठून पडतो, अंधार किती ठेवला आहे आणि चौकटीत काय हलते आहे, यांवर अवलंबून असे.

ही गोष्ट आपल्याकडे फार लवकर ओळखणाऱ्यांत कोल्हापूरचे बाबूराव पेंटर अग्रभागी होते. त्यांच्या नावापुढचे ‘पेंटर’ हे आडनाव नव्हे; ती त्यांच्या व्यवसायाची ओळख आहे. कापडावर रंगाने सावली काढणारा हा चित्रकार पुढे खऱ्या प्रकाशाने खरी सावली पाडू लागला. या घटकात आपण त्यांचे चरित्र प्रामुख्याने याच दृष्टीने पाहणार आहोत.

विषय-विवेचन

१. कारागिराचे घर आणि नाटकाचा पडदा

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. घर कारागिरांचे होते. वडील हस्तकौशल्याच्या अनेक कामांत निष्णात होते. लाकूड, धातू आणि रंग हाताळण्याचे शिक्षण बाबूरावांना घरातच मिळाले. कलाशाळेतील रीतसर शिक्षणापेक्षा निरीक्षण आणि सराव यांवरच त्यांची कला पोसली गेली. राजर्षी शाहू महाराजांच्या काळातील कोल्हापूर हे संगीत, नाटक, कुस्ती आणि चित्रकला यांना आश्रय देणारे नगर होते. तरुण कलावंताला काम आणि दाद या दोन्ही गोष्टी तेथे मिळू शकत होत्या.

चुलतबंधू आनंदराव यांच्यासह बाबूराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. तो संगीत नाटकाच्या वैभवाचा काळ होता. राजवाडा, अरण्य, रस्ता, देवालय अशी स्थळे पडद्यांवर रंगवलेली असत. सपाट कापडावर खोली भासवायची, तर चित्रकाराला आधी प्रकाशाची दिशा ठरवावी लागते. उजेड डावीकडून येतो असे मानले, की प्रत्येक खांबाची उजवी बाजू काळोखी करावी लागते आणि प्रत्येक कमानीखाली सावली धरावी लागते. ही दिशा एका ठिकाणी जरी चुकली, तरी सगळा महाल खोटा वाटू लागतो. बाबूरावांच्या डोळ्यांना ही शिस्त वर्षानुवर्षांच्या कामाने लागली.

चित्रित पडद्याला मात्र एक मर्यादा होती. त्यावरची सावली जागची हलत नसे. पडद्यासमोर नट फिरे, त्याच्यावर रंगमंचावरच्या दिव्यांचा उजेड पडे; आणि मागच्या महालावरचा उजेड मात्र चित्रकाराने ठरवून दिलेलाच राही. नट आणि त्याचे स्थळ असे दोन वेगवेगळ्या प्रकाशांत वावरत असत.

२. कॅमेऱ्याची घडण

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि या बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. त्यांनी चित्रपट दाखवण्याचे यंत्र मिळवले आणि त्याच्या रचनेचा अभ्यास केला. परदेशी कॅमेरा विकत घेणे आवाक्याबाहेरचे होते. मग तो आपणच तयार करावा, असे त्यांनी ठरवले. कारागिरीचा घरचा वारसा येथे कामी आला. परंतु १९१६ मध्ये आनंदरावांचे अकाली निधन झाले. यंत्रविद्येत अधिक रस असलेला जोडीदार गेल्याने काम थांबण्याचीच शक्यता होती. बाबूरावांनी ते सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा पुरा केला.

याच सुमारास कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली. गायिका तानीबाई कागलकर यांनी या उपक्रमाला आर्थिक साहाय्य केले आणि शाहू महाराजांचाही आश्रय लाभला. दामले, शेख फत्तेलाल आणि केशवराव धायबर ही मंडळी कंपनीत घडली. शांताराम वणकुद्रे हा तरुणही तेथेच उमेदवारी करू लागला. पुढे तो व्ही. शांताराम या नावाने प्रसिद्ध झाला. पडदे रंगवणे, नेपथ्य उभारणे, फिल्म धुणे, अभिनय करणे अशी सारी कामे तेथे शिकायला मिळत. या अर्थाने ती कंपनी एक कलाशाळाच होती.

३. रेखाटनातून दृश्याकडे : ‘सैरंध्री’

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. कीचकवधाची कथा मराठी प्रेक्षकांना अपरिचित नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने बंदी घातली होती आणि त्यातील राजकीय सूचकता लोकांच्या स्मरणात होती. त्यामुळे या कथेच्या निवडीलाही एक अर्थ होता. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. कीचकवधाचे दृश्य इतके प्रत्ययकारी झाले होते की त्यावर आक्षेप घेतला गेला.

आपल्या दृष्टीने बाबूरावांची कार्यपद्धती अधिक महत्त्वाची आहे. चित्रीकरणापूर्वी ते पात्रांची, वेशभूषांची आणि हालचालींची रेखाटने करीत. म्हणजे दृश्य आधी कागदावर घडत असे. अशा रेखाटनात तीन प्रश्नांचा निर्णय करावा लागतो. प्रकाश कोठून येणार? चौकटीतील कोणता भाग अंधारात राहणार? पात्र कोठून निघून कोठे थांबणार? हे तीन प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. पात्र अंधारातून उजेडाकडे आले, तर प्रेक्षकाला काहीतरी प्रकट झाल्यासारखे वाटते. तेच पात्र उजेडातून अंधारात गेले, तर शंका किंवा भय निर्माण होते. चालणे तेच असते; प्रकाशाच्या संदर्भात त्याचा अर्थ बदलतो.

नेपथ्यातही त्यांनी महत्त्वाचा बदल केला. रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी त्यांनी लांबी, रुंदी आणि खोली असलेले नेपथ्य उभारले. खरा खांब उभा राहिला, की त्याची खरी सावली पडते आणि त्या सावलीतून पात्र चालत गेले, की ती त्याच्या अंगावरून सरकते. नट आणि स्थळ एकाच प्रकाशात आले. त्याच सुमारास, १९२० मध्ये, जर्मनीत ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ हा चित्रपट निघाला. त्यात भिंतींवर आणि जमिनीवर सावल्या मुद्दाम रंगवलेल्या होत्या. कारण तेथे एका विकृत मनाचे जग दाखवायचे होते. बाबूरावांचा प्रवास याच्या उलट दिशेचा होता. रंगवलेल्या सावलीपासून त्यांनी सुरुवात केली आणि ते खऱ्या सावलीकडे गेले.

४. सूर्यप्रकाशाकडून दिव्यांकडे : ‘सिंहगड’

मूकपटांच्या आरंभकाळात चित्रीकरण मुख्यतः सूर्यप्रकाशात होई. नेपथ्याला छप्पर नसे. ऊन कडक झाले, तर वर पांढरे कापड ताणून ते मवाळ करीत. चेहऱ्यावरची सावली फार गडद झाली, तर परावर्तकाने तिथे उजेड फेकीत. छत्रपती संभाजीनगर परिसरातील विद्यार्थ्यांना हे तत्त्व परक्याचे वाटणार नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे प्रेक्षकांना दाखवण्यासाठी बाहेरचे ऊन आरशाने आणि पांढऱ्या कापडाने आत वळवण्याची रीत होती. परावर्तकाचे काम याहून निराळे नाही.

त्या काळच्या फिल्मचीही एक अडचण होती. तिला निळा रंग चटकन दिसे, तांबडा जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे निळे आकाश पांढरे पडे आणि तांबडे वस्त्र काळे उमटे. रंगांत विचार करणाऱ्या चित्रकाराला येथे प्रत्येक रंगाची करड्या छटेतील किंमत नव्याने शिकावी लागली. रात्रीचे दृश्य तर बहुधा दिवसाच चित्रित होई आणि नंतर फिल्मला निळसर रंग देऊन ती रात्र आहे असे सुचवले जाई.

१९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये ही युक्ती पुरेशी ठरणारी नव्हती. १६७० मधील तानाजी मालुसरे यांच्या पराक्रमाची ही कथा आहे. रात्रीच्या अंधारात कडा चढून जाणे, हाच त्या प्रसंगाचा प्राण आहे. अंधारामुळेच चढाई शक्य झाली आणि अंधारामुळेच ती प्राणघातक होती. दिवसाचा सर्वत्र सारखा पडणारा उजेड या प्रसंगातील धोकाच पुसून टाकतो. बाबूरावांनी या चित्रपटासाठी कृत्रिम दिव्यांचा वापर केला. अशा वापराचे भारतीय चित्रपटातील हे अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते. दिव्याचा उजेड एका दिशेने, एका मर्यादित जागेवर पाडता येतो. बाकीची जागा काळीच राहते. कोणते दाखवायचे याबरोबरच कोणते लपवायचे, हे ठरवणे आता दिग्दर्शकाच्या हाती आले.

५. ‘सावकारी पाश’ : अंधाराचा सामाजिक अर्थ

१९२५ मध्ये आलेला ‘सावकारी पाश’ हे बाबूरावांच्या कलाजीवनाचे शिखर होय. देवदेवता आणि वीरपुरुष यांना बाजूला ठेवून त्यांनी एका साध्या शेतकऱ्याची कथा घेतली. सावकाराच्या कर्जात त्याची जमीन जाते आणि तो शहरात येऊन गिरणी कामगार होतो. ही भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. महाराष्ट्राला हा विषय नवा नव्हता. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला होता. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. तरीही कर्जाचा फास सुटला नव्हता. पडद्यावर मात्र हे वास्तव तोवर अभावानेच आले होते.

या चित्रपटातील एक दृश्य चित्रपटाच्या अभ्यासकांनी विशेष नोंदवले आहे. मंद प्रकाशातील उदास झोपडी आणि तिच्याजवळ विव्हळणारा कुत्रा, एवढाच त्याचा ऐवज. या दृश्याची घडण समजून घेण्यासारखी आहे. पहिला घटक प्रकाशाचा. तो कमी असल्याने झोपडीचा बराचसा भाग दिसत नाही आणि जे दिसत नाही, त्याचे दारिद्र्य प्रेक्षक स्वतःच्या मनाने पुरे करतो. दुसरा घटक हालचालीचा. स्थिर झोपडीजवळ कुत्र्याचा जीव तेवढा हलतो आणि नजर त्याच्यावर खिळते. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. चित्रपट मूक असल्याने विव्हळणे ऐकू येत नाही. ते डोळ्यांनीच ऐकावे लागते. शेतकऱ्याचे दुःख दिग्दर्शकाने त्याच्या चेहऱ्यावर लादलेले नाही, तर भोवतालच्या अंधारात पसरवले आहे.

‘सिंहगड’मधील अंधार शौर्याची पार्श्वभूमी होता. ‘सावकारी पाश’मधील अंधार हे माणसाच्या परिस्थितीचेच रूप आहे. प्रकाशयोजनेला सामाजिक आशय देणारी ही दृष्टी आपल्या चित्रपटात नवी होती.

प्रेक्षकांनी मात्र या चित्रपटाला अपेक्षित प्रतिसाद दिला नाही. पौराणिक चमत्कार आणि ऐतिहासिक वैभव यांची सवय झालेल्या डोळ्यांना ही झोपडी रुचली नाही. कंपनी चालवायची तर तिकिटे विकली जायला हवी होती. बाबूराव पुन्हा भरजरी पोशाखांच्या चित्रपटांकडे वळले. कलावंताची दृष्टी आणि व्यवसायाची गरज यांतील हा ताण त्यांना पुढेही सोडवता आला नाही.

६. उत्तरायुष्य आणि वारसा

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे सहकारी बाहेर पडले. त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास नेली. हाताखाली घडलेली माणसे एकाच वेळी गेल्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी खिळखिळी झाली. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने बोलपटाचे युग सुरू केले आणि शब्दाविना अर्थ सांगण्याच्या ज्या कलेत बाबूरावांनी प्रावीण्य मिळवले होते, तिची बाजारातील निकड कमी झाली.

बोलपटाच्या काळात त्यांनी ‘उषा’ (१९३५) आणि ‘प्रतिभा’ (१९३७) हे चित्रपट केले. १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा, यावेळी बोलपटाच्या रूपात, साकारला. अयशस्वी ठरलेल्या विषयाकडे अकरा वर्षांनी परत येणे, यावरून त्या विषयावरील त्यांची निष्ठा दिसते. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’च्या दिग्दर्शनात ते आणि त्यांचे शिष्य शांताराम पुन्हा एकत्र आले. चित्रकला आणि शिल्पकला यांचा व्यासंग त्यांनी अखेरपर्यंत जोपासला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले.

१९२५ चा मूळ ‘सावकारी पाश’ आज उपलब्ध नाही. आपल्याला त्याचे दृश्य वर्णनांवरूनच जाणावे लागते. मात्र त्यांच्या शाळेत घडलेल्या डोळ्यांचे काम पाहता येते. १९३४ च्या ‘अमृतमंथन’मधील गडद छाया धायबर यांच्या कॅमेऱ्याने टिपल्या आणि दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आजही पाहिला जातो. बाबूरावांचा वारसा शोधायचा तर या चित्रपटांतही शोधावा लागतो.

सारांश

बाबूराव पेंटर यांनी रंगभूमीच्या चित्रित पडद्यापासून प्रारंभ करून स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यापर्यंत आणि तेथून कृत्रिम प्रकाशयोजनेपर्यंत मजल मारली. पूर्वरेखाटन, खोली असलेले नेपथ्य आणि दिशायुक्त प्रकाश ही त्यांच्या कार्यपद्धतीची तीन अंगे होत. ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी छायेला सामाजिक आशय दिला. व्यावसायिक अपयशामुळे ती वाट त्या वेळी पुढे गेली नाही. परंतु त्यांच्या शिष्यांच्या कामात ती दृष्टी टिकून राहिली.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. चित्रित पडद्यावरील सावली आणि खोली असलेल्या नेपथ्यावरील सावली यांतील फरक सांगा.
२. ‘सिंहगड’च्या कथेला कृत्रिम प्रकाशाची गरज का होती?
३. ‘सावकारी पाश’मधील झोपडीच्या दृश्यात प्रकाश, छाया आणि हालचाल यांचे कार्य स्पष्ट करा.
४. ‘सिंहगड’ आणि ‘सावकारी पाश’ यांतील अंधाराच्या अर्थाची तुलना करा.

क्षेत्रीय कार्य

वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यास, म्हणजे विश्वकर्मा चैत्यास, सकाळी आणि दुपारनंतर अशी दोनदा भेट द्या. दर्शनी गवाक्षातून येणारा प्रकाश बुद्धमूर्तीच्या मुखावर, खांबांवर आणि छताच्या दगडी फासळ्यांवर कसा बदलतो, याची दोन साधी रेखाटने करा. प्रत्येक रेखाटनाखाली प्रकाशाची दिशा बाणाने दाखवा आणि मूर्तीच्या भावात आपल्याला जाणवलेला फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.