फर्डिनांड फॉन म्यूलर : डोंगरात ब्लॅकबेरी पेरणारे वनस्पतिशास्त्रज्ञ

ऑस्ट्रेलियात परदेशातून नवं पीक आणायचं असेल, तर आधी त्याची ४९ प्रश्नांची तपासणी होते. हे रोप शेताबाहेर पसरून तण होईल का, याचा अंदाज त्यातून घेतला जातो. या तपासणीची गरज का पडली, हे फर्डिनांड फॉन म्यूलर यांच्या आयुष्यातून समजतं.

म्यूलर यांचा जन्म १८२५ साली जर्मनीतल्या रोस्टॉक शहरात झाला. आई-वडील लवकर गेले. औषधशास्त्र शिकून आणि कील विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून १८४७च्या अखेरीस ते बहिणींसह ऑस्ट्रेलियात आले. १८५३ मध्ये ते व्हिक्टोरिया वसाहतीचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि १८५७ मध्ये मेलबर्नच्या वनस्पती उद्यानाचे संचालक. दुर्गम भागांत फिरून त्यांनी शेकडो नव्या वनस्पतींची नोंद केली. मॅकाडेमिया हे नाव त्यांनीच दिलं.

वसाहतीला उपयोगी पडतील अशा परदेशी वनस्पती इथे रुजवायच्या, हा त्यांचा ध्यास होता. अशा वनस्पतींची मोठी यादी त्यांनी १८७६ मध्ये पुस्तकरूपाने छापली. युरोपातल्या ब्लॅकबेरीची तर त्यांनी शिफारस केलीच, शिवाय डोंगराळ भागात तिचं बीही टाकलं. रानात फिरणाऱ्याला फळ मिळावं, हा हेतू चांगलाच होता.

पण फळं खाऊन पक्षी आणि कोल्हे बी दूरवर नेतात, आणि जमिनीला टेकलेल्या फांदीच्या टोकालाही मुळं फुटतात. आपल्याकडच्या घाणेरीसारखी काटेरी जाळी ओढ्याकाठी, कुरणांत आणि जंगलांत माजली. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाने राष्ट्रीय पातळीवरची २० घातक तणं ठरवली, त्यांत ब्लॅकबेरी आहे.

शोभेकडे दुर्लक्ष करतात, अशी टीका होऊन १८७३ मध्ये म्यूलर यांचं उद्यानाचं संचालकपद गेलं. सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून मात्र ते १८९६ साली मृत्यू येईपर्यंत काम करत राहिले.

त्यांच्या काळी रोपाचा फायदा काय, एवढंच पाहिलं जाई. १९९७ पासूनची तपासणी उलट बाजूनेही विचारते: हे रोप इतर देशांत तण झालं आहे का? पक्षी बी पसरवतात का? तुकड्यापासून पुन्हा वाढतं का? उत्तरांना गुण देऊन प्रवेश, नकार किंवा आणखी अभ्यास असा निर्णय होतो. काटक, झपाट्याने वाढणारं, आपणहून पसरणारं रोप तेव्हा गुणी मानलं जाई. आज याच गुणांमुळे त्याला दारातच थांबवून चौकशी होते.