थंडीने कीड मरते का हो?

परवा चुलीसाठी पऱ्हाटीच्या ढिगातून काड्या ओढत होते. एक वाळकं, अर्धवट उमललेलं बोंड हाताला लागलं. सहज फोडलं, तर आत गुलाबीसर अळी अंग आकसून पडलेली. मेली असेल म्हणून पायरीवर ठेवली. ऊन लागल्यावर बघते तर बाई वळवळायला लागल्या! सासूबाईंना नवलच वाटलं. एवढ्या थंडीत कीड मरते, असंच त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. मला मात्र एलिनॉर ऑर्मरॉड आठवल्या.

एलिनॉरबाई १८२८ मध्ये इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात जन्मल्या. दहा भावंडांत धाकट्या. कॉलेज नाही, डिग्री नाही. १८५२ मध्ये एक वेगळाच टोळ पाहण्यात आला आणि त्यांना किड्यांचं वेड लागलं. भुंग्यांवरचं पुस्तक आणून त्या घरीच शिकल्या. वडील कडक शिस्तीचे. १८७३ मध्ये ते गेले, तेव्हा बाई पंचेचाळिशीच्या होत्या. खरं काम सुरू झालं ते त्यानंतर. आपण चाळिशीतच ‘आता काय राहिलं’ म्हणतो ना!

१८७७ मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली. कोणती कीड कधी दिसली, काय केल्यावर गेली, ते कळवा, असं शेतकऱ्यांना, माळ्यांना विचारलं. पत्रांचा ओघ सुरू झाला. मग दरवर्षी स्वखर्चाने अहवाल, तोही १९०० पर्यंत. बहीण जॉर्जियाना चित्रं काढून द्यायची. बाई हवामानाच्याही नोंदी ठेवायच्या. १८७८ मध्ये तिथल्या हवामानशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या महिला फेलो झाल्या.

थंडी आणि कीड यांचा मेळ त्यांना असा लागला. कडाक्याच्या हिवाळ्याने शेत आपोआप साफ होतं, यावर विसंबू नका, असं त्या सांगत. मातीत, सालीखाली, पालापाचोळ्यात दडलेल्या अळ्या नि कोश थंडी सोसून जगतात. म्हणून त्यांचं घरच मोडा. माती उलटी करा, कचरा काढा, साल खरवडा. उघड्यावर पडलेली कीड पाखरं टिपतात, पाऊस-दहिवर मारतं.

यामागचं कारण पुढे उलगडलं. बऱ्याच किडी दिवस लहान होऊ लागले की ओळखतात, हिवाळा येतोय. खाणं थांबतं, वाढ थांबते. थंड देशांतल्या काही किडींच्या अंगात ग्लिसरॉलसारखा पदार्थ साठतो, त्यामुळे रक्त सहज गोठत नाही. याला सुप्तावस्था म्हणतात. गंमत अशी, की कित्येक किडींना त्यातून जागं व्हायलाही थंडीच लागते! काही आठवडे गारवा मिळाल्याशिवाय नुसत्या उबेने त्या उठत नाहीत. अमेरिकेतल्या कॅरोल विल्यम्स यांनी १९४० च्या दशकात एका मोठ्या पतंगाच्या कोशावर हे दाखवलं. गारव्यात राहिलेला मेंदू झोपलेल्या कोशात बसवला, तर तो कोश जागा झाला. म्हणजे मधेच एखादा उबदार दिवस आला, तरी कीड फसत नाही. थंडी तिची वैरीण नव्हे, घड्याळ आहे.

एलिनॉरबाई १८८२ ते १८९२ अशी दहा वर्षं रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या कीटकतज्ज्ञ होत्या, तेही बिनपगारी. १९०० मध्ये एडिनबरा विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. तिथे हा मान मिळालेली ती पहिलीच बाई. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

मैत्रिणींनो, आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण आपली गुलाबी बोंडअळीही अशीच झोप काढते. फरदडीच्या, पऱ्हाटीला राहिलेल्या बोंडांत ती दडून बसते आणि पुढच्या कपाशीवर पतंग होऊन उडते. शेत नवऱ्याचं म्हणा, पण तो ढीग आपल्याच चुलीमागे असतो. मी तर त्याच संध्याकाळी सगळी बोंडं वेचून चुलीत घातली. उरलेली पऱ्हाटीही पावसाळ्याआधी संपवायची, असं ठरवलंय. तुमचा ढीग एकदा बघा बरं!