पंडिता रमाबाई : दुःख, संशय आणि श्रद्धा

पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) चरित्राची मांडणी बहुधा दोन भागांत केली जाते. धर्मशास्त्राला आणि चर्चलाही जाब विचारणारी विदुषी हा पूर्वार्ध, तर केडगावच्या मुक्ती सदनातील समर्पित सेविका हा उत्तरार्ध. ही विभागणी सोयीची आहे. तथापि दुष्काळात आईवडील गमावताना पडलेला प्रश्न रमाबाईंनी कधीच सोडून दिला नाही, ही गोष्ट तीमुळे दृष्टिआड होते. त्यांची ख्रिस्तनिष्ठा त्या प्रश्नासह टिकली. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाकडे या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविल्यामुळे त्यांनी शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला व गंगामूळच्या अरण्यात आश्रम उभारला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा व पुराणकथन करीत भ्रमंती करू लागले. दक्षिणेतील दुष्काळात हाताशी होते ते दान, उपासतापास व अनुष्ठाने यांत संपले. देवतांनी मात्र मौन सोडले नाही. अखेर पाण्यात देह ठेवण्याचा विचार पुढे आला. मुलगा श्रीनिवास याने मजुरी करण्याची तयारी दाखविली, म्हणून तो मागे पडला. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई आणि काही काळाने थोरली बहीणही. आईच्या तिरडीला खांदेकरी मिळेनात, तेव्हा सोळा वर्षांच्या रमाबाईंनी भार घेतला. उंची कमी पडल्याने तो डोक्यावर घ्यावा लागला. वडिलांनी मृत्यूपूर्वी या धाकट्या मुलीला देवाच्या हाती सोपविले होते. ज्या देवाच्या हाती सोपविले, त्यानेच उपाशी ठेवले, हा पेच रमाबाईंच्या पुढील सर्व धर्मचिंतनाच्या मुळाशी आहे.

१८७८ मध्ये भाऊबहीण कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितसभेने रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच नगरीत धर्मशास्त्रे वाचताना, स्त्रिया व शूद्र यांच्या मोक्षाविषयी ती किती कठोर आहेत, हे त्यांना उमगले. पूर्वीचा विश्वास अशा रीतीने अनुभवाने आणि अभ्यासानेही ढळला. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी विवाहबद्ध झालेले बिपिनबिहारी मेधावी हेही फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने गेले. मांडीवर दहा महिन्यांची मनोरमा होती. वयाची चोविशी पुरी होण्याआधीच आईवडील, बहीण, भाऊ व पती यांचे मृत्यू रमाबाईंनी पाहिले होते.

पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना करून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनीसंघाच्या मठात राहिल्या. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी त्या भगिनी करीत असलेले कार्य पाहून त्या हेलावल्या. शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या येशूची कथा त्यांना या कार्याचे मूळ वाटली. याच काळात, सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परक्या भूमीवर कोसळलेल्या या आघातामागोमाग, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याने संशय मिटले नाहीत. भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला असून या दृष्टीने तो अत्यंत मोलाचा आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, धर्मगुरूंचा अधिकार, मनोरमेचे धर्मशिक्षण या प्रत्येक मुद्द्यावर त्यांनी वाद घातला. जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. रमाबाईंची भूमिका अशी की, ब्राह्मणी अधिकाराचे जोखड उतरविल्यानंतर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड घेणे म्हणजे सद्सद्विवेकाशी द्रोह होय. विशेष हे की, असा वाद घालीत असताना त्यांनी प्रार्थना सोडली नाही आणि ख्रिस्तालाही सोडले नाही.

मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त भेटलाच नाही, अशी जाणीव त्यांना झाली व त्यांची श्रद्धा अधिक व्यक्तिगत बनली. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्याच्या सुधारकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. बाहेरचे आधार असे तुटत असताना १८९६-९७ च्या दुष्काळाने त्यांना मध्य प्रांतात खेचून नेले. तेथील भुकेल्या मुलींत त्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वीची स्वतःचीच अवस्था पाहिली. शेकडो मुली आणून त्यांनी केडगावी मुक्ती सदन वसविले. दुष्काळात देव कोठे होता, या जुन्या प्रश्नाचे तात्त्विक उत्तर त्यांनी दिले नाही. त्या प्रश्नातील संताप या कार्याला सतत इंधन पुरवीत राहिला, असे म्हणता येईल.

अखेरच्या पर्वात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचा मराठी अनुवाद केला. अल्पशिक्षित स्त्रीलाही कळावी अशी सोपी भाषा वापरण्यावर त्यांचा कटाक्ष होता. या कार्याचा वाङ्मयीन विचार करताना एक बाब ध्यानी घ्यावयास हवी. ईयोबाचे पुस्तक, विलापगीते आणि कित्येक स्तोत्रे ही देवाविरुद्ध केलेली उघड तक्रार आहे. ती सौम्य न करता मराठीत आणणे हे अनुवादकर्त्रीचे कर्तव्य होते, आणि त्या तक्रारीचा अर्थ रमाबाईंना कोशातून शोधावा लागणार नव्हता. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांच्यामुळे देवाशी भांडणारा भक्त मराठी वाचकाला परका नाही. रमाबाईंनी हेच भांडण निराळ्या धर्मग्रंथाच्या आधारे मांडले.

अनुवाद पुरा होत आला असता २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. ती एकुलती एक मुलगी, सहकारी आणि नियोजित वारसदार होती. वृद्ध, बहिऱ्या झालेल्या रमाबाईंनी काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. दुःखाचा उलगडा झाल्यावर श्रद्धा येते, असे त्यांच्या चरित्रात कोठेही घडलेले नाही. उलगडा न होताही त्यांनी नाते राखले व जाब विचारण्याचा हक्कही राखला. म्हणूनच विदुषी आणि सेविका ही एकाच व्यक्तीची दोन रूपे मानून त्यांच्या लेखनाचे पुनर्वाचन होणे अगत्याचे आहे.