निद्रेतील सहकारी

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो हे शहर मोठे देखणे. परंतु तेथील हिवाळा दुबळ्या छातीच्या माणसाला फार कठीण जातो. समुद्रावरून येणारे बोचरे वारे, दाट धुके आणि अखंड भुरभुरणारा पाऊस यांमुळे कित्येक दिवस सूर्यदर्शनही होत नाही. या शहरात १३ नोव्हेंबर १८५० रोजी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचा जन्म झाला. तो आईवडिलांचा एकुलता एक मुलगा. स्टीव्हन्सन घराणे दीपगृहे बांधण्याच्या विद्येत नामांकित होते. भरतीच्या वेळी पाण्याखाली बुडून जाणाऱ्या बेल रॉक या खडकावर लुईच्या आजोबांनी दीपगृह उभारले होते आणि १८११ सालापासून त्याचा प्रकाश खलाशांना वाट दाखवीत होता. वडील थॉमस यांचाही व्यवसाय तोच. मुलानेही आपल्यामागे तो चालवावा, ही त्यांची मोठी इच्छा होती. पण हा मुलगा हिवाळा आला की खोकल्याने आणि तापाने अंथरुणाला खिळे, तो आठवडेच्या आठवडे उठत नसे.

दिवस कसाबसा सरे. रात्र मात्र त्याला भिववी. ताप चढला की त्याला आपली खोली फुगताना आणि आक्रसताना दिसे. खुंटीला टांगलेले कपडे पाहता पाहता देवळाएवढे मोठे होत आणि दुसऱ्याच क्षणी अथांग अंतरावर जाऊन कणाएवढे होत. ही झोप येण्याची खूण आहे आणि झोपेमागोमाग भयंकर स्वप्ने येणार, हे त्याला पक्के ठाऊक झाले होते. म्हणून तो बिचारा जागे राहण्याची शिकस्त करी. पण झोप शेवटी त्याला गाठीच. एकदा स्वप्नात त्याला परमेश्वरापुढे न्यायासाठी उभे केले. तेथे काय बोलावे ते त्याला सुचेना, जिभेला जणू कुलूप बसले. जाग आली तेव्हा तो गुडघे हनुवटीला लावून पलंगाच्या पडद्याच्या दांडीला लोंबकळत होता!

त्याची दाई ॲलिसन कनिंगहॅम ही मोठी मायाळू आणि तितकीच कडक धर्मनिष्ठ होती. रात्र रात्र ती त्याच्या उशाशी बसे आणि धर्मासाठी प्राण देणाऱ्या हुतात्म्यांच्या, भुताखेतांच्या व नरकयातनांच्या कथा त्याला सांगे. आजारी मुलाला अशा कथा सांगाव्यात की नाही, हा प्रश्न निराळा. परंतु त्या कथांनीच त्याची स्वप्ने रंगविली, यात शंका नाही. मुलगा भिऊन ओरडला की वडील धावत येत आणि गाडीवान किंवा सराईचा मालक यांच्याशी आपला संवाद चालला आहे असा बहाणा करून, त्याची भीती ओसरेपर्यंत तो रंगवीत राहात. दीपगृहांचा हा गंभीर बांधकामतज्ज्ञ स्वतःलाही रोज रात्री गोष्टी सांगतच झोपे. त्या गोष्टींत जहाजे असत, वाटमारे असत आणि म्हातारे खलाशी असत. वडिलांची ही सवय मुलाने उचलली.

लहानपणी लुईच्या खोलीत एक जुने लाकडी कपाट होते. ते विल्यम ब्रॉडी नावाच्या सुताराने बनविले होते. हा ब्रॉडी अठराव्या शतकात एडिंबरोमधील एक प्रतिष्ठित नागरिक होता. दिवसा तो नगरसभेत मानाने बसे, आणि रात्री बनावट किल्ल्यांनी गावकऱ्यांची घरे फोडी. अखेरीस १७८८ साली त्याला फाशी देण्यात आले. एकाच देहात दोन माणसे कशी नांदत असतील, हे कोडे त्या कपाटाबरोबर मुलाच्या मनात घर करून राहिले.

१८६७ साली लुई स्थापत्यशास्त्र शिकण्यासाठी विद्यापीठात दाखल झाला. परंतु त्याचे मन लेखनात गुंतले होते. चार वर्षांनी त्याने धीर करून ते वडिलांना सांगितले. वडिलांना फार वाईट वाटले. निदान कायद्याचे शिक्षण तरी पुरे करावे, अशी तडजोड झाली. १८७५ साली त्याला वकिलीची सनद मिळाली; वकिली मात्र त्याने जवळजवळ केलीच नाही.

याच विद्यार्थिदशेत त्याच्या स्वप्नांनी एक विलक्षण वळण घेतले. ती आता क्रमशः पडू लागली. आदल्या रात्रीचा धागा दुसऱ्या रात्री पुढे चाले. स्वप्नात तो दिवसभर शस्त्रक्रियेच्या दालनात भीषण दृश्ये पाही आणि संध्याकाळी जुन्या एडिंबरोतील एका उंच घराचा जिना चढू लागे. अंगावर ओले कपडे, जिन्याला अंत नाही, आणि समोरून एकामागून एक अनोळखी माणसे खाली उतरत आहेत, असा रात्रभर प्रवास चाले. पहाट होताच पुन्हा त्याच दालनात परतावयाचे! आपले खरे आयुष्य कोणते, दिवसाचे की रात्रीचे, असा संभ्रम त्याला पडू लागला. अखेर तो वैद्याकडे गेला. वैद्याने दिलेल्या साध्याशा औषधाने ही पीडा थांबली.

पुढे स्टीव्हन्सन लेखनावर उपजीविका करू लागला, तेव्हा ज्या स्वप्नांनी त्याला छळले तीच त्याच्या उपयोगी पडू लागली. स्कॉटलंडच्या लोककथांत ब्राउनी नावाचे बुटके, अदृश्य जीव आहेत. घरची माणसे झोपली की ते घरातील राहिलेली कामे करून ठेवतात, अशी समजूत आहे. आपल्या मेंदूतही असेच बुटके लोक राहतात आणि आपण झोपलो की कथा रचतात, असे स्टीव्हन्सन विनोदाने सांगे. बँकेतून तगाद्याची पत्रे येऊ लागली, खाटीक उधारीसाठी मागच्या दारी घुटमळू लागला, की हे बुटके हटकून कामाला लागत! यातील थट्टा सोडून दिली तरी एक गोष्ट ध्यानात येते. हे सहकारी येत ते आधी दिवसा त्याने कथेसाठी डोके शिणविलेले असे तेव्हाच.

१८८० साली त्याने फॅनी ऑसबर्न या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. तिचा मुलगा लॉइड याच्या करमणुकीसाठी १८८१ साली एका बेटाचा नकाशा काढता काढता त्याला खजिन्याच्या बेटाची जगप्रसिद्ध कथा सुचली. ती कथा स्वप्नातील नव्हे. मात्र वडिलांच्या निजतानाच्या गोष्टींतील खलाशी तिच्यात आले आहेत.

१८८५ साली हे कुटुंब इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथ येथे राहात होते. स्टीव्हन्सनची प्रकृती अत्यंत खालावली होती. खोकल्यातून रक्त पडे. कित्येकदा त्याला बोलण्याचीही मनाई असे. चौतीस वर्षांचे वय झाले तरी वडिलांच्या पैशांवाचून संसार चालत नव्हता. माणसाच्या दुहेरी स्वभावावर कथा लिहावी, असे त्याच्या मनात फार दिवस होते. ब्रॉडीवर त्याने एका मित्राबरोबर नाटक लिहिले होते. याच विषयावरची आणखी एक कथा लिहून ती न आवडल्यामुळे जाळूनही टाकली होती. आता पैशांची निकड लागली, तेव्हा दोन दिवस तो कथानकासाठी झगडत राहिला. काही सुचेना.

दुसऱ्या रात्री तो झोपेत भीतीने किंचाळू लागला. फॅनीने घाबरून त्याला हलवून जागे केले. आभार मानण्याऐवजी तो तिच्यावरच रागावला. कारण एक झकास भयकथा ऐन रंगात असताना मोडली होती! एक खिडकीतला प्रसंग त्याला दिसला होता. दुसऱ्या प्रसंगात, पाठलाग होत असलेला एक गुन्हेगार औषधाची पूड घेतो आणि पाठलाग करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्याचे रूप पालटते. स्वप्नाने दिले ते एवढेच. पात्रे, स्थळे आणि कथेचा अर्थ या गोष्टी त्याला जागेपणीच घडवाव्या लागल्या.

घरच्या मंडळींनी पुढे सांगितल्याप्रमाणे, अंथरुणातच बसून त्याने तीन दिवसांत कथा लिहून काढली आणि सर्वांना वाचून दाखविली. लॉइड थरारून गेला. फॅनी मात्र गप्प होती. ही नुसती अंगावर शहारे आणणारी गोष्ट झाली. माणसाच्या अंतरीच्या चांगल्या आणि वाईट वृत्तींचा झगडा तीत आलाच नाही, असे तिचे मत पडले. स्टीव्हन्सन संतापला. दोघांत कडाक्याचा वाद झाला. काही वेळाने त्याने फॅनीला बोलावून शेगडीकडे बोट दाखविले. तेथे त्या हस्तलिखिताची राख पडली होती. तिचे म्हणणे त्याला पटले होते, आणि जुनी पाने जवळ राहिली तर आपण तीच डागडुजी करीत बसू, या भीतीने त्याने ती जाळली होती. रुग्णाईत माणसाने पुन्हा तीन दिवसांत सारी कथा नव्याने लिहिली! त्यानंतरही कित्येक आठवडे तो तिच्यावरून हात फिरवीत होता.

डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड यांची ही कथा जानेवारी १८८६ मध्ये प्रसिद्ध झाली. सदाचरणी डॉक्टर जेकिल एक औषध शोधून काढतो. ते पिताच त्याच्यातील दुष्टपणा निराळा देह धारण करतो आणि हाइड या नावाने लंडनच्या रस्त्यांत हिंडू लागतो. पुढे तर औषध न घेताच हाइड प्रकट होऊ लागतो. सहा महिन्यांत या पुस्तकाच्या सुमारे ४०,००० प्रती खपल्या. ब्रॉडीच्या कपाटाचे कोडे असे कागदावर उतरले.

१८८७ साली वडील वारले. उबदार हवेच्या शोधात स्टीव्हन्सनने मायदेश सोडला, तो पुन्हा कधी परतला नाही. आपल्या स्वप्नांची हकीगत त्याने १८८८ साली एका निबंधात प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी तो प्रशांत महासागराच्या सफरीवर निघाला. अखेर सामोआ बेटावर त्याने घर बांधले. तेथील लोक त्याला तुसिताला, म्हणजे कथाकार, म्हणत. बाटलीतल्या सैतानाची त्याची एक कथा १८९१ साली त्यांच्या भाषेत छापली गेली. कल्पित कथा हा प्रकार त्यांच्या फारसा परिचयाचा नव्हता. त्यामुळे घरी येणारे पाहुणे ती बाटली कोठे ठेवली आहे, असे भाबडेपणाने विचारीत. तुसितालाचे वैभव त्या सैतानानेच दिले, अशी त्यांची खात्री होती.

३ डिसेंबर १८९४ रोजी सकाळी तो एका कादंबरीचा मजकूर सांगून लिहवीत होता. संध्याकाळी मेंदूत रक्तस्राव होऊन तो कोसळला आणि त्याच रात्री त्याचे निधन झाले. वय अवघे चव्वेचाळीस वर्षांचे होते. ती कादंबरी अपुरीच राहिली. वाएआ डोंगराच्या माथ्यावर आपल्याला पुरावे, अशी त्याची इच्छा होती. परंतु तेथे जावयास वाट नव्हती. सामोआचे लोक कुऱ्हाडी व कोयते घेऊन जमले. त्यांनी झाडी तोडून डोंगरावर वाट पाडली, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कथाकाराला खांद्यावरून वर नेले.