पुस्तकाबाहेरचा उस्ताद : डॉ. झाकिर हुसेन

आमच्या शाळेत दरवर्षी छात्राध्यापक येतात. हातात फाइल, पाठ टाचणाची वही, पिशवीत रंगीत तक्ते. पहिल्या दिवशी बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : सर, सही आणि शिक्का कधी मिळेल? मी त्यांना हसत नाही. बी.एड. करताना मीही असाच होतो. सराव पाठ म्हणजे मोजून उरकायचं काम, आणि खरं शिक्षण म्हणजे परीक्षेत लिहायच्या व्याख्या, असं तेव्हा वाटायचं. वर्गात एकटा उभा राहिलो तेव्हा कळलं की व्याख्या पाठ आहेत आणि समोरची चाळीस मुलं मात्र मला अजिबात ओळखू येत नाहीत.

म्हणून आज एका अशा माणसाची गोष्ट सांगतो, ज्याने शिक्षक कसा घडतो या एका प्रश्नावर आयुष्य घालवलं. जुन्या घरांत, शाळांत राष्ट्रपतींच्या फोटोंची रांग असायची. त्यात शेरवानी, चष्मा आणि नीट राखलेली पांढरी दाढी असा एक चेहरा असे. डॉ. झाकिर हुसेन. देशाचे तिसरे आणि पहिले मुस्लिम राष्ट्रपती, एवढं आपल्या मुलांना माहीत असतं. पण राष्ट्रपतिपद त्यांच्याकडे दोन वर्षंसुद्धा पूर्ण राहिलं नाही. त्याआधीची जवळजवळ पन्नास वर्षं ते मनाने उस्तादच होते.

लहानपण

झाकिर हुसेन यांचा जन्म 8 फेब्रुवारी 1897 रोजी हैदराबादला झाला. घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचं, पठाणांचं. वालिद फिदा हुसेन खान वकिलीसाठी हैदराबादला आले होते. झाकिर दहा वर्षांचे असताना त्यांचा इन्तेकाल झाला आणि कुटुंब कायमगंजला परतलं. मुलाला इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये घातलं. तिथले हेडमास्तर सय्यद अल्ताफ हुसेन साधं राहणारे आणि मुलांमध्ये मिसळणारे होते. त्यांचा ठसा झाकिर यांच्यावर जन्मभर राहिला. 1911 मध्ये गावात प्लेग आला आणि वालिदाही गेल्या. चौदा वर्षांचं पोरकं पोर, पण घराने आणि शाळेने दिलेली शिस्त घट्ट होती.

पुढे अलीगढचं कॉलेज. मुलगा हुशार, बोलण्यात तरबेज. इंग्रजांच्या काळात असा पदवीधर सरकारी नोकरीत सहज शिरला असता. पण 1920 साल वेगळं होतं. असहकार आणि खिलाफतीची चळवळ जोरात होती. गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणारं शिक्षण सोडा, असं त्यांचं आवाहन होतं. झाकिर हुसेन तेव्हा एम.ए. आणि कायद्याचा अभ्यास करत होते. ते बाहेर पडणाऱ्यांत सामील झाले. 29 ऑक्टोबर 1920 रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. तेवीस वर्षांच्या झाकिर यांनी तिथे शिकवायला सुरुवात केली.

बर्लिन

1922 मध्ये ते जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून 1926 मध्ये डॉक्टरेट मिळवली. पण सोबत त्यांनी आणलं ते दुसरंच काही. जर्मनीत त्या काळी गेऑर्ग केर्शेनश्टायनर या शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांची चर्चा होती. म्युनिकच्या शाळांत त्यांनी मुलांच्या हाताला काम दिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की मूल काम करता करता शिकतं, आणि शिक्षकही पुस्तकातून तयार होत नाही, मुलांबरोबर काम करूनच तयार होतो.

झाकिर हुसेन यांना हे पटलं, पण त्यांनी ते डोळे झाकून घेतलं नाही. नुसतं काम म्हणजे शिक्षण नाही, हे त्यांनी पुढे आपल्या भाषणांत पुन्हा पुन्हा मांडलं. आधी काय करायचं ते समजून घ्यायचं, मग त्याची आखणी करायची, मग हाताने करायचं आणि शेवटी आपलं आपणच तपासायचं. या चार पायऱ्या झाल्या तरच कामातून शिक्षण होतं. नाहीतर ती नुसती मजुरी.

बर्लिनमध्ये असतानाच त्यांनी एका छापखान्यातून गालिबचा दीवान सुंदर रूपात छापून घेतला आणि त्यासाठी स्वतः खिळे जुळवण्याचं कामही केलं. डॉक्टरेटचा विद्यार्थी, पण हात काळे करायला लाज नाही.

बुडती नाव

इकडे जामिया बुडायच्या बेतात होती. 1924 मध्ये तुर्कस्तानात खिलाफत संपली, त्याबरोबर खिलाफत कमिटीकडून येणारा पैसाही आटला. संस्था बंद करावी असा विचार सुरू झाला. झाकिर हुसेन आणि त्यांचे दोन मित्र, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब, यांनी जर्मनीतून कळवलं की आम्ही येऊन जामियाला आयुष्य द्यायला तयार आहोत, बंद करू नका. हकीम अजमल खान यांनी पुढाकार घेतला आणि 1925 मध्ये जामिया दिल्लीच्या करोलबागेत आली. 1926 मध्ये हे तिघं परतले. झाकिर हुसेन वयाच्या 29 व्या वर्षी शेख-उल-जामिया, म्हणजे कुलगुरू झाले.

1927 च्या अखेरीस हकीमसाहेबही गेले आणि पैशांची चणचण आणखी वाढली. तेव्हा 1928 मध्ये जामियाच्या शिक्षकांनी एक शपथ घेतली : वीस वर्षं इथेच काम करायचं आणि महिन्याला दीडशे रुपयांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. प्रत्यक्षात तेवढेही दर महिन्याला हातात पडत नसत. घर चालवणाऱ्या बायकांनी हे कसं निभावलं असेल, याचा आपण कमी विचार करतो. झाकिर हुसेन यांच्या पत्नी शाहजहाँ बेगम आणि इतर उस्तादांच्या घरच्यांचा त्या शपथेत तेवढाच वाटा होता.

जामियाची शाळा

या संस्थेत लहान मुलांच्या शाळेला विद्यापीठाइतकंच महत्त्व होतं. अब्दुल गफ्फार मधोली हे उस्ताद पंजाबातल्या मोगा इथे प्रकल्प पद्धत शिकून आले होते. त्यांनी मुलांची बँक आणि मुलांचं दुकान चालवलं. हिशोब मुलं ठेवत, चुका मुलं शोधत. गणित आणि भाषा त्यातूनच शिकवली जाई. जर्मनीहून गेर्डा फिलिप्सबॉर्न या ज्यू बाई आल्या आणि वसतिगृहातल्या लहानग्यांची देखभाल करू लागल्या. मुलं त्यांना आपाजान म्हणत. 1943 मध्ये त्यांचं निधन झालं आणि जामियातच त्यांना दफन केलं.

1935 मध्ये ओखल्याला नवी इमारत बांधायची ठरली. पायाचा दगड कुणा नवाबाच्या किंवा पुढाऱ्याच्या हातून बसवला नाही, तर शाळेतल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातून. शेख-उल-जामियांबद्दल एक गोष्ट जामियात सांगतात. मुलं मळके बूट घालून येत, सांगून फरक पडेना. एके दिवशी झाकिरसाहेब स्वतः ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सांगावं लागलं नाही.

वर्धा

ऑक्टोबर 1937 मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण आणि त्या उद्योगाच्या कमाईतून शाळेचा खर्च, अशी गांधीजींची कल्पना होती. सगळे माना डोलवत असताना झाकिर हुसेन उठले आणि अदबीने पण स्पष्ट मतभेद मांडले. कामातून शिक्षण ही गोष्ट अगदी नवी नाही, आणि कमाईवर भर दिला तर शिक्षक मुलांकडून मजुरी करून घेणारा मुकादम होईल, असा धोका त्यांनी दाखवला. गांधीजींनी मनावर घेतलं नाही. उलट योजना तयार करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांनाच दिलं. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. जी. सैयदैन अशी माणसं त्या समितीत होती. 2 डिसेंबर 1937 रोजी अहवाल तयार झाला.

सात ते चौदा वयापर्यंत सक्तीचं मोफत शिक्षण, तेही मातृभाषेतून. साडेपाच तासांच्या शाळेतले 3 तास 20 मिनिटं मूळ उद्योगाला. हा भाग सगळ्यांना आठवतो. पण शिक्षकांच्या तयारीवर अहवालात काय लिहिलंय, ते आज आपण वाचायला हवं. तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम, आणि तातडीची गरज म्हणून एक वर्षाचा छोटा. जो उद्योग मुलांना शिकवायचा तो शिक्षकाने आधी स्वतःच्या हाताने शिकायचा, कापसापासून सुतापर्यंत. आरोग्य आणि आहाराची माहिती घ्यायची. फळ्यावर लिहिण्याचा सराव करायचा. प्रशिक्षण शाळेला जोडलेल्या मुलांच्या शाळेत, देखरेखीखाली शिकवायचं. आणि शिक्षकाला उर्दू आणि देवनागरी दोन्ही लिप्या यायला हव्यात. दोन भाषांत जगणाऱ्या माझ्यासारख्याला ही शेवटची अट विशेष प्रिय आहे.

ही योजना चालवण्यासाठी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. त्याचं काम सेवाग्रामहून चाले आणि झाकिर हुसेन दहा वर्षं त्याचे अध्यक्ष होते. 1938 मध्येच त्यांनी जामियात उस्तादों का मदरसा सुरू केला. ज्या परिसरात मुलांची शाळा, त्याच परिसरात शिक्षक घडवणारी शाळा. त्याच वर्षी शफीकुर्रहमान किदवाई यांनी जामियात प्रौढ शिक्षणाचं काम उभं केलं. जामियाचे लोक दिल्लीच्या मोहल्ल्यांत जाऊन मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवत. शिकणं, शिकवणं आणि खिदमत एकत्रच चालत होतं.

आपल्याच लोकांचा राग

हे सगळं शांतपणे झालं नाही. वर्धा योजनेत दीनी तालीम नाही, ती मुसलमानांवर दुसऱ्यांचे विचार लादते, असा आरोप मुस्लिम लीगने केला. झाकिर हुसेन यांना आपल्याच समाजातून कडवट शब्द ऐकावे लागले. त्यांनी उत्तराला उत्तर दिलं नाही, काम चालू ठेवलं. नोव्हेंबर 1946 मध्ये जामियाच्या रौप्यमहोत्सवात नेहरू, आझाद, जिना आणि लियाकत अली एकाच मंचावर आले. देश पेटत होता. झाकिर हुसेन यांनी त्या नेत्यांना विनवलं की ही आग विझवा, या मुलांसाठी विझवा. आग विझली नाही. 1947 च्या दंगलीत करोलबागेतली जामियाची मालमत्ता आणि पुस्तकं जळाली. काश्मीरला जाताना जालंधर स्टेशनावर स्वतः झाकिर हुसेनही जमावाच्या तावडीत सापडले होते. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्याने त्यांचा जीव वाचवला.

1948 मध्ये शपथेची वीस वर्षं पूर्ण झाली. त्याच वर्षी ते अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. फाळणीनंतर घाबरलेलं, संशयाखाली आलेलं विद्यापीठ त्यांनी सावरलं. मग बिहारचे राज्यपाल, 1962 मध्ये उपराष्ट्रपती, 1963 मध्ये भारतरत्न, 13 मे 1967 रोजी राष्ट्रपती. पण पदाने त्यांची नजर झाकली नाही. बुनियादी शाळांत टकळी उरली आणि विचार गेला, हे त्यांना दिसत होतं. ज्या योजनेला त्यांचं नाव जोडलं गेलं होतं, तिच्या नावाखाली फसवणूक चालली आहे, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. आपल्याच कामाचं अपयश कबूल करायला मोठं काळीज लागतं. चौथी पायरी त्यांनी स्वतःलाही लावली.

3 मे 1969 रोजी पदावर असतानाच त्यांचा इन्तेकाल झाला. त्यांना जामियात दफन केलं, जिथे त्यांनी तरुणपण घालवलं होतं.

आपल्यासाठी

आज बी.एड. दोन वर्षांचं आहे आणि त्यात वीस आठवडे शाळेतल्या अनुभवासाठी ठेवलेत. कागदावर ही छान सोय आहे. पण ते वीस आठवडे सही-शिक्क्यात गेले तर टकळीचं झालं तेच होईल. आपल्या समाजातल्या कितीतरी मुली डी.एड., बी.एड. करतात. घरचे कधी म्हणतात, रोज शाळेत कशाला जायचं, कॉलेजवाले सांभाळून घेतील. माझी त्या आई-वडिलांना विनंती आहे, मुलीला जाऊ द्या. वर्गात तिचा आवाज कापेल, मुलं ऐकणार नाहीत, एखादा पाठ फसेल. जमलं तर तिला मोहल्ल्यातल्या चार मुलांना संध्याकाळी शिकवायला बसवा. पाठ का फसला, हे तिथे तिला स्वतःलाच शोधावं लागेल.

झाकिर हुसेन मानत की उस्तादाकडे इल्मच्या आधी मुलांविषयी मोहब्बत हवी. मुलांत बसल्याशिवाय ती कुठून येणार? यंदाही आमच्या शाळेत छात्राध्यापक येतील. सही मी देईनच, पण आधी विचारेन की वर्गातल्या किती मुलांची नावं पाठ झाली.

अल्लाह मरहूम झाकिरसाहेबांच्या मेहनतीचं चीज करो आणि आपल्या शाळांना तसे उस्ताद देवो. आमीन.