मूठभर मतांचे मोल

हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब जगापुढे मांडणारे पितामह म्हणून दादाभाई नौरोजी सर्वांना ठाऊक आहेत. साठी उलटल्यावर लंडनच्या गल्ल्यांतून मते मागत फिरणारे दादाभाई मात्र तितकेसे परिचित नाहीत.

४ सप्टेंबर १८२५ रोजी मुंबईतील एका गरीब पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असताना पितृछत्र हरपले. आई माणेकबाईंनी त्यांना कष्टाने शिकविले. ज्या एल्फिन्स्टनमध्ये शिकले, तेथेच ते गणिताचे प्राध्यापक झाले. १८५५ मध्ये व्यापाराच्या निमित्ताने ते इंग्लंडला गेले आणि तेथेच त्यांच्या राजकारणाला खरी दिशा मिळाली.

१८६६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशन स्थापन केली. व्याख्याने झाली, निवेदने गेली. पण हिंदुस्थानच्या कारभारावर अंतिम अधिकार असलेल्या पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू मांडणारा हिंदी सभासद नव्हता. अर्ज करणाऱ्यापेक्षा मते मिळवणाऱ्याचे अधिक ऐकले जाते, हे दादाभाईंनी ओळखले. १८८६ मध्ये त्यांनी लिबरल पक्षातर्फे होबर्न मतदारसंघातून निवडणूक लढविली. ते पराभूत झाले आणि सत्ता लॉर्ड सॅलिस्बरी यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे गेली.

१८८८ मध्ये सॅलिस्बरी यांनी एका भाषणात दादाभाईंच्या वर्णाचा हेटाळणीने उल्लेख केला. इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देतील, असे त्यांना वाटत नव्हते. पंतप्रधानांच्या या उद्गारांवर इंग्लंडमध्येच टीकेची झोड उठली आणि दादाभाईंचे नाव घरोघरी पोहोचले.

त्यानंतर सेंट्रल फिन्सबरीत त्यांनी चिकाटीने काम केले. हा कारागीर आणि कामगारांचा भाग होता. स्त्रियांना तेव्हा मताधिकार नव्हता आणि अनेक गरीब पुरुषही मतदारयादीबाहेर होते. दादाभाईंनी केवळ हिंदुस्थानचे गाऱ्हाणे मांडले नाही. आयर्लंडचे स्वराज्य, कामगारांचे हक्क आणि स्त्रियांचा मताधिकार यांचाही त्यांनी पुरस्कार केला. स्वपक्षातूनही त्यांच्या उमेदवारीला विरोध झाला, तरी ते मागे हटले नाहीत.

जुलै १८९२ मध्ये निकाल लागला. कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार कॅप्टन पेंटन यांचा पराभव झाला. मताधिक्य एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतके! सॅलिस्बरी यांचे सरकारही लवकरच पायउतार झाले. १८९३ मध्ये सनदी सेवेच्या परीक्षा इंग्लंडप्रमाणेच हिंदुस्थानातही घ्याव्यात, असा ठराव कॉमन्स सभागृहाने संमत केला. सरकारने मात्र तो अमलात आणला नाही. १८९५ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पुन्हा सत्तेवर आले आणि दादाभाईंची जागा गेली.

या अनुभवाने ते खचले नाहीत. उलट त्यांची मागणी अधिक ठाम झाली. १९०६ मध्ये कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्याचे ध्येय घोषित केले. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सर्व प्रौढ भारतीयांना मत देण्याची संधी १९५१-५२ च्या निवडणुकीत मिळाली. ती पाहण्यास ते नव्हते.

फोर्टमधील दादाभाई नौरोजी मार्गावरून आज हजारो मुंबईकर ये-जा करतात. एका मताने काय होणार, असा प्रश्न मतदानाच्या दिवशी पडत असेल, तर फिन्सबरीचा निकाल आठवावा. तेथील मोजके कारागीर त्या दिवशी घरी बसले असते, तर सॅलिस्बरी यांचा अंदाज खरा ठरला असता.