क्लोराइडचा नकाशा

लॅबमध्ये आपण क्लोराइडचं टायट्रेशन मार्कांपुरतं करतो. मला त्यामागे एलेन स्वॉलो रिचर्ड्स दिसतात. अमेरिकेतल्या एमआयटीतून १८७३ साली पदवी घेणारी ही पहिली स्त्री. तेव्हा सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून टायफॉइड पसरायचा. १८८७ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या नद्या-तळ्यांचे हजारो नमुने त्यांच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. समुद्राजवळच्या पाण्यात क्लोराइड मुळातच जास्त, आत जावं तसं कमी. हे नैसर्गिक प्रमाण त्यांनी नकाशावर रेषांनी मांडलं. एखाद्या ओढ्यात त्याहून जास्त सापडलं, की सांडपाण्याचा संशय घ्यायचा! १९११ साली त्या वारल्या. बिघाड ओळखायचा तर आधी चांगलं पाणी मोजून ठेवावं लागतं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. आपल्या गावच्या ओढ्याचं कोणी मोजून ठेवलंय का?